दहा नंबरचा पाना

आधी दहा नंबरचा पाना.
तो मिळेपर्यंत पुढचं बोलण्यात अर्थ नाही,
असं इराप्पा म्हणाला, आणि त्याच्याचकडं तो नव्हता.
वीस वर्षं ट्रॅक्टर खोलणारा माणूस.
"अक्का, दहाचा पाना कुणाचाच नसतोय.
तो आपला फिरतच असतोय."

खानापूर ते जांबोटी, रात्रपाळी संपवून परत,
माझ्या जुन्या अल्टोचे दिवे असे
की रस्ता ताकात बुडवून दाखवावा.
मलप्रभेच्या पुलाअलीकडं गवा उभा होता.
उजेडात दिसला नाही.
त्याच्या नाकातली वाफ दिसली.

त्याच रात्री यादी केली, लसीकरणाच्या तक्त्यामागं:
फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, एक लांब, एक बुटका.
क्लिपा उचकटायला प्लास्टिकची पट्टी,
लोखंडी नको, बंपर ओरखडतो.
मल्टिमीटर. वायर सोलायची पकड.
रिले, फ्यूज, काळी आकसणारी नळी.
पॉलिश पेपर आठशेचा, हजाराचा, दोन हजाराचा,
आणि पाणी, कारण कोरडं घासलं तर काच आंधळी होते.
हातमोजे माझ्याकडं खोक्यानं आहेत.
शेवटी लिहिलं: ऊब.
दिव्याची काच म्हणे काळ्या डिंकानं बसवलेली असते,
तापल्याशिवाय सोडत नाही.

हीट गन उद्यमबागेत, मामेभावाच्या कारखान्यात.
त्यानं "बाईमाणसानं" एवढंच म्हटलं,
पुढचं मी ऐकून घेतलं नाही.
घरी आणली, लावली, गल्लीचा फ्यूज उडाला.

मग फिलोमिनाबाईंचा ओव्हन.
नाताळचा केक, तीन गल्ल्यांची नानकटाई,
आणि आता दारात मी, बगलेत हेडलाइट.
"सिस्टर, हे भाजायचं?"
शंभर अंश, आठ मिनिटं, बल्ब काढलेत.
त्यांनी कपाळाला, छातीला बोट लावलं
आणि मधली जाळी काढून दिली.
घरभर रबराचा वास, त्यात थोडी व्हॅनिला.
काच सुटली तेव्हा डिंकाचे धागे ताणले गेले,
आम्ही दोघी चार हातांनी धरून होतो,
आणि मी सवयीनं म्हणाले, "हं, आता जोर नको."

खोलताना मात्र गंमत झाली.
पाना नव्हताच, दस्तगीरच्या पकडीनं बोल्ट फिरवले,
दोन बोटांची सालं गेली.
बॅटरीची काळी वायर आधी काढलेली,
ते कुणी शिकवावं लागलं नाही.
दिवा उपसला, पोकळीत टॉर्च मारला:
वाळलेली पानं, मेलेला भुंगा,
आणि गंजून लाल झालेला
दहा नंबरचा पाना.
माझ्याआधी कुणीतरी इथं हात घालून
शिव्या देऊन निघून गेलं होतं.

संध्याकाळी शाळेची भिंत, पंचवीस फूट मोजून.
चिकटपट्टीच्या दोन फुल्या, दिव्याच्या उंचीला.
बटण दाबलं.
पांढरा उजेड चुन्यात शिरला आणि आतून
एक वेलांटी वर आली, धुतल्यासारखी,
तिच्या खालून एक गोल कानडी अक्षर,
त्याच्याही खाली कुठल्या तरी निवडणुकीची शिडी.
कुणाचं काय आधी, ते भिंतीला विचारायला
आम्ही आलो नव्हतो.
इराप्पा समोर उभा राहिला, मुद्दाम,
समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्यासारखा.
"डोळ्यात मारतंय. स्वल्प खाली."
मी स्क्रू अर्धा फेरा फिरवला.
"अजून."
पाव.
उजेड त्याच्या गुडघ्यांवर उतरला.
"साक, अक्का, साक."

एक स्क्रू उरला. कुठला, अजून कळलेलं नाही.
पाना मी इराप्पाला दाखवला.
त्यानं उलटा केला, सुलटा केला, अंगठ्यानं गंज खरवडला,
म्हणाला, "छे, हा माझा नव्हं,"
आणि खिशात घातला.