चौदा, बत्तीस, सहा

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी
मिडल स्कूलच्या जिममध्ये, घडीच्या खुर्च्यांवर,
आम्ही पालक अंग चोरून बसलो.
मिस्टर ओकर्लंडनी एकेक पिवळा कागद वाटला:
सहावीच्या वर्षात घरच्यांनी काय काय धरून चालावं.
सहा विषय, सहा शिक्षक, सहा खोल्या.
दोन तासांच्या मधे चार मिनिटं.
अंघोळ रोज. डिओडरंट आणून ठेवा.
दारं आपटतील.
रडू येईल. तुम्हालाही, ते म्हणाले,
आणि हसायला थांबले. कुणी हसलं नाही.

कारीनने कागद फ्रीजवर लावला
माशाच्या चुंबकाखाली,
आणि रात्रपाळीला हॉस्पिटलात गेली.

मी आकड्यांचं कुलूप आणलं.
चौदा उजवीकडे. डावीकडे एक पूर्ण फेरा, मग बत्तीस.
पुन्हा उजवीकडे सहा.
सोल्वेग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी,
जीभ दातांत धरून, चाळीस वेळा.
मी घड्याळ घेऊन समोर.
"चार मिनिटांत नाही उघडलं तर?"
"तर पुस्तकं आत राहतील. जग बुडत नाही."
"तुला काय माहीत, बाबा."
खरंच, मला काय माहीत.
माझी सहावी एकाच खोलीत गेली,
एकाच बाकावर, एकाच बाईंच्या नजरेखाली.

ऑक्टोबरात घरात ट्रॉम्बोन आला.
कुत्रा कोचाखाली राहायला गेला.

ब्रिनबद्दल कागदावर काही नव्हतं.
दोन घरं पलीकडची ब्रिन, पहिलीपासूनची.
दोन्ही परसांच्या मधे
त्यांच्या पायांनी गवत झिजवून एक वाट पाडलेली.
डबा खाताना ब्रिन दुसऱ्या टेबलावर बसते,
एवढंच कळलं, तेही कारीनकडून.
नोव्हेंबरात बर्फ पडला.
मी काउंटीचा नांगर चालवतो, बर्फाचा;
बर्फावरचं वाचता येतं मला,
ससा कुठून गेला, टपालवाला कुठे घसरला.
आमच्या परसातला बर्फ
ख्रिसमसपर्यंत कोरा राहिला.

पूर्वी नांगर गल्लीत शिरला
की ती खिडकीत उभी राहून
हवेतली दोरी ओढायची,
आणि मी भोंगा वाजवायचो,
पहाटेचे सहा असले तरी. शेजारी बोलायचे. बोलू देत.
फेब्रुवारीतल्या एका सकाळी
बसथांब्यावर सात-आठ जण, टोप्या नाकापर्यंत.
तिचा निळा कोट मला लांबूनच दिसला.
मी पातं उचललं, त्यांच्यावर बर्फ उडू नये म्हणून.
हात दोरीपाशी गेला.
ती बुटांकडे बघत होती, अगदी मन लावून.
हात परत चाकावर आला.

मार्चमध्ये गणितात अठ्ठावन्न.
बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता.
रात्री अकराला ती खाली आली,
अंडं कर म्हणाली. केलं.
उभ्यानेच खाल्लं, ओट्याला टेकून,
आणि मधेच डोकं माझ्या दंडावर ठेवलं,
टोस्ट वर यायला लागतो तेवढा वेळ.
मी ढिम्म हललो नाही.
टोस्ट वर आला.
"काय बघतोस," म्हणाली, आणि गेली.

एप्रिलमध्ये, सरोवरावरचा बर्फ फुटत असताना,
पा हूआ नावाची मुलगी क्लॅरिनेट घेऊन आली.
तळघरातून जे आलं त्याला संगीत म्हणवत नव्हतं,
पण मधूनमधून हसण्याचा आवाज होता.
कुत्रा पायऱ्यांपर्यंत जाऊन आला.

जूनमध्ये सोल्वेगने लॉकर रिकामा केला.
एक मोजा, वाळलेलं संत्रं,
कुणाकुणाच्या चिठ्ठ्या, ज्या मी वाचल्या नाहीत
(एक वाचली. त्यात काहीच नव्हतं),
आणि ते कुलूप.
मी ते शेडच्या दाराला लावलं.

काल तिला सायकल हवी होती.
दारापाशी जाऊन उभी राहिली.
"आकडे काय होते रे?"
"विसरलीस?"
"मला कधी पाठच नव्हते. बोटं उघडायची."
बोटांनी आठवून पाहिलं, नाही आठवलं.
मी तिथूनच सांगितले, हातातला पाना खाली न ठेवता.
उघडलं.
मग सीट वर केली आम्ही,
दोन बोटं,
आणि ती म्हणाली, अजून थोडी.