दुनळी

नव्या कॉम्प्युटरला अजून थर्माकोलचा वास आहे.
जेवणाच्या टेबलाची भिंतीकडची बाजू त्याने घेतली,
त्यामुळे ताटं सरकली, आणि आप्पा
शारजात आल्यापासून मांडीवर ताट घेऊन जेवतात.
बरं वाटतं म्हणतात, सवय आहे.

पडद्याच्या कोपऱ्यात, न विचारता, एक चौकट उगवते:
तुमचे संरक्षण संपायला तीस दिवस उरले.
आप्पांचा व्हिजिट व्हिसाही तीसच दिवसांचा.
दोन्ही एकाच गुरुवारी सुरू झालं.
नूतन म्हणाली, आधी काय संपतंय बघू,
आणि जीभ चावली.

रोलाच्या दुकानातला सजीश म्हणाला होता,
एकशे वीस दिरहम, वर्षभर बघायला नको.
मी म्हटलं, आत एक आधीच असतो ना, फुकटचा?
असतो, म्हणाला,
आणि कॅल्क्युलेटर पुसत राहिला.

फुकटचा म्हणजे आमच्या शफीकउल्लासारखा.
बिल्डिंगचा नातूर, भाड्यातच धरलेला.
पाण्याचे कॅन चढवतो, गाड्या पुसतो,
दुपारी खुर्चीतच मान टाकतो.
सात वर्षांत चोरी एकच झाली, चपलांची.
त्याही त्याच्याच.

आणि आमच्याकडे चोरण्यासारखं काय?
पासपोर्टचे स्कॅन. लांज्याच्या दीड गुंठ्याचा नकाशा,
ज्यात शेजाऱ्याचा फणस आमच्या हद्दीत येतो.
हप्त्यांची एक लांबच लांब शीट,
ती कुणी नेली तर मी आभार मानीन.
जुईने काढलेला पाच पायांचा उंट.

पण मागच्या रमजानात
नूतनला मेसेज आला, पार्सल अडकलंय, तीन दिरहम भरा.
लिफ्टमध्ये, एका हातात लबानची बाटली,
तिने कार्डाचा नंबर घातला, मग आलेला कोडही.
सातव्या मजल्यावर दार उघडेपर्यंत
अकराशे चाळीस गेले होते.
कडी मीच काढली, ती म्हणते,
वर चोराला पाणी विचारलं.
म्हणून ती म्हणते, घेऊन टाक.
म्हणूनच मी म्हणतो, घेऊन काय उपयोग?

आप्पा मटार सोलत होते.
ती चौकट काय म्हणते रे, त्यांनी विचारलं.
सांगितलं.
बराच वेळ नुसते दाणे पडत राहिले पातेल्यात.

एकतीस वर्षं लांजा शाखेच्या दारात उभे होते ते.
खांद्यावर दुनळी. दर शनिवारी तेलपाणी.
एकदाच, छपराच्या फटीतून माकड आलं आत,
मॅनेजर टेबलावर चढून ओरडले, आप्पा, झाडा!
आप्पांनी बाजूला होऊन दार उघडं धरलं.
माकड दोन पावत्या घेऊन गेलं.

निरोपसमारंभात साहेब म्हणाले,
यांना एकदाही गोळी झाडावी लागली नाही.
टाळ्या झाल्या, शाल मिळाली.
त्या रात्री झोप नाही आली, आप्पा म्हणाले.
ते माझं कौतुक होतं
की बँकेने मांडलेला हिशेब?

मला काही बोलता आलं नाही.
बाहेर धूळ उठली होती.
खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावलेली,
तरी कीबोर्डवर बोट फिरवलं की
बारीक वाळू लागतेच.

मी घेतलं नाही अजून. घेणार नाही असंही नाही.
सध्या घरात एकच नियम आहे:
काहीही दाबायच्या आधी मोठ्याने विचारायचं.
आप्पा, हे दाबू? जुई ओरडते.
चष्मा शोधत, इंग्रजी अक्षरं एकेक लावत
आप्पा वाचतात. फार वेळ लागतो त्यांना.
तेवढ्यात जुईला त्याचा कंटाळा येतो,
आणि बहुतेक संकटं तिथेच टळतात.

आज चौकट म्हणाली, नऊ.
मी ती बंद केली. उद्या ती परत उगवेल.
येताना टायपिंग सेंटरवर थांबलो होतो,
व्हिसा महिनाभर वाढवायचे किती, ते विचारायला.
एकशे विसापेक्षा बरेच जास्त पडतात.
घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.