क्रमांक चार

खात्यातून कागद आला: सात शिल्पं, सात पाट्या,
मराठी अनिवार्य, शुक्रवारपर्यंत.
पहिल्या तिघांचं जमलं.
लाट ती लाट. 'उड्डाण' तर तयारच होतं,
कुठल्याशा पुलाच्या फायलीतून उचललं.
चौथ्यासमोर लिहिलेलं: अनटायटल्ड.

'शीर्षकहीन' लिहिलं. खोडलं.
हीन कशाला म्हणायचं कुणाला?
'अनामिक' म्हणजे गुपचूप देणगी दिल्यासारखं,
आणि काना जोडला तर करंगळीशेजारचं बोट.

म्हणून गेले वरळीला, सी-फेसवर, भर दुपारी.

लोखंडाचे दोन वाक, एकमेकांकडे निघालेले
आणि हातभर अंतरावर थांबलेले.
खाऱ्या वाऱ्यानं तांबूस झाले की मुळातच तसे,
पहारेकऱ्यालाही ठाऊक नव्हतं.
"तो रात्री वाजतो," एवढंच म्हणाला.
टोपली टेकवून दम खाणारी चांगुणा म्हणाली,
"ती तापलीय, पाठ लावू नको."
एक पोर मधून सुर्रकन गेलं: "ते माझं दार आहे!"
तो, ती, ते.
मी वहीत फक्त 'हे' लिहिलं.

साडेपाचला वर्देकाका आले, बेस्टचे जुने कंडक्टर.
उजवा हात खिशात ठेवलेला,
म्हणजे बाईंनी ठेवलेला.
डाव्या हातानं त्यांनी लोखंडावर दोनदा ठोकलं,
टण टण, गाडी सोडताना देतात तशी,
आणि म्हणाले, "परवा."

"झटक्यानंतर एवढाच शब्द राहिलाय," बाई सांगत होत्या.
"चहाला परवा. समुद्राला परवा. मलासुद्धा.
आता कळतं मला, कुठला परवा कशाचा.
कधी चुकते. मग चहात साखर दोनदा पडते."

मी फटीतून पलीकडे पाहिलं.
एक मचवा, सी-लिंकची एकच तार,
वाळत घातलेलं कुणाचं तरी जाळं.
काकांनी पुन्हा ठोकलं.
लोखंड आतल्या आत बराच वेळ
हं म्हणत राहिलं.

फाईल वर गेली.
सोमवारी वायंगणकर साहेबांचा फोन:
पाच, सहा, सात ठीक आहे.
चारला तुम्ही 'परवा' लिहिलंय.
गेलेला की येणारा?

मी म्हटलं, साहेब, पाटी रुंद आहे.
दोघंही बसतील.