पोटाखालचा पत्रा

मानोलीच्या वर, धनगरवाड्याच्या चढाला
जांभ्याच्या एका सुळ्यानं
माझ्या जीपचं चेंबर फोडलं.
चार लिटर तेल करवंदीच्या मुळात मुरलं.
औषधाची पेटी डोक्यावर घेऊन चालत पोचले
तेव्हा रेडकाचे पाय बाहेर आले होते
आणि गार पडले होते.
ठकूबाई येडगेनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला,
मला कोरा चहा दिला.
बोलली काहीच नाही.

आठ दिवसांनी उद्यमनगरात
अल्लाबक्ष मिस्त्रीच्या शेडमध्ये
दोन पत्रे भिंतीला टेकून उभे होते.
एक ॲल्युमिनियम, सहा एमएम,
नव्या ताटासारखं लखलखीत.
दुसरं लोखंड, पाच एमएम,
वारणाकाठच्या कुठल्या गुऱ्हाळाची काहील केली,
तिच्या बुडातून उरलेलं.

"उचला डॉक्टरीणबाई."
पहिलं मी एका हातानं उचललं.
दुसऱ्याला कंबर लागली.
"दहा किलो आन् चोवीस किलो.
हे चौदा किलो रोज पुढच्या स्प्रिंगांच्या मानेवर,
डिझेलात बी दिसणार.
वर गंज. पावसाळ्यात लाल चिखल मधी बसला
की आतनं खातोय, कळत न्हाई."

म्हणजे ॲल्युमिनियम, मी मनात म्हटलं.
पैसे मोजायला पर्स उघडलीसुद्धा.

त्यानं जमिनीवरचा दगड घेतला,
लखलखीत पत्र्यावरून करकचून ओढला.
दगड मध्येच रुतला, चर पडली,
कडेला मऊ धातूची सालपटं.
"हे दगडाला मिठी मारतंय.
चढाला गाडीचं वजन वर असताना
मिठी नको वाटती."
मग लोखंडावरून ओढला.
दगड घसरत गेला, मागं पांढरी रेघ.

"जाता कुठं कुठं?"
आंबा, मानोली, उदगिरी. कधी रात्री.
"संगट कोण?"
"कोण न्हाई. एकटीच जातो."
मिस्त्री गप्प झाला. बिडी कानावर तशीच.
मागं लेथ फिरत होती,
पोरगा कसलीतरी पुली छिलत होता.

"ॲल्युमिनियम फाटलं तर आरगॉन पायजे.
म्हंजे परत माझ्याच दारात.
लोखंड वाकलं तर मलकापुरात कुणीबी जोडंल,
न्हाईतर दगडावर पालथं घालून
तुमीच घणानं सरळ करशीला.
धंदा माझा बुडतोय, पर सांगतो."

मी तरी अडले. चौदा किलो.
माझ्या पेटीपेक्षा जास्त. दोन सलाईनच्या खोक्यांइतकं.
तो म्हणाला, बूड म्हंजे काय
ते गुऱ्हाळवाल्याला इचारा:
वर गूळ उकळतोय, खाली जाळ,
आन् मधी ह्योच.

त्यानं भोकं पाडली, तेल सोडायला एक मोठं,
चिखल निसटायला चार तिरकी,
पुढची कड वर वाकवली होडीसारखी.
लाल ऑक्साईडचे दोन हात मारले.
ब्रशचा तिसरा हात स्वतःच्या चपलेवर.
पावती मागितली तर हसला,
रद्दी पेपरच्या कडेवर आकडा लिहून दिला.

गाडी पहिले काही दिवस जड वाटली,
ब्रेकला नाक खाली घालायची.
शाहूपुरीतल्या स्पीडब्रेकरवर घासली
तेव्हा चहाच्या गाड्यावरची माणसं
घंटा वाजल्यागत वळून बघायची.
लाज वाटायची. मनात यायचं,
ॲल्युमिनियम असतं तर थप्प, बास.
अजूनही कधीकधी येतं.

मार्गशीर्षात ठकूबाईचा निरोप आला.
दुसरी म्हैस. पहाटेचे तीन.
तोच चढ, तोच सुळा,
हेडलाईटमध्ये ओळखीच्या माणसासारखा.
बगल द्यायला जागा नव्हती.
टण्ण.
सगळ्या खोऱ्यात गेला आवाज.
जीप क्षणभर लटकली, घसरली, वर आली.

वाड्यात शिरले तर चूल पेटलेली,
पातेल्याला वाफ.
"पाणी आधीच ठेवलंस?"
ठकूबाई पदरानं पातेलं उतरवत म्हणाली,
"खाली वाजलं नव्हं.
तवाच वळखलं, आली म्हनून."
मी बाह्या वर केल्या.
पाणी बरोबर हाताला सोसेल इतकंच तापलं होतं.