अवर्णित

तिकीट वीस रुपये, मुलांना दहा,
चाऱ्याची जुडी वेगळी, पाच.
वेंगुर्ल्याच्या पुढे, सड्यावर,
जिथे पूर्वी एसटी फक्त वळायला थांबायची
तिथे आता फाटक आहे, चिऱ्याचे दोन खांब,
खांबावर रंगवलेला धनेश,
चोच जागेअभावी जरा लहान झालेली.

गणपती जाऊन आठ दिवस.
कातळावर निळी सीतेची आसवं,
त्यांच्यावरून चालू नका अशी पाटी
त्यांच्याच मधोमध रोवलेली.

तन्वेशला वाघ हवा होता.
वाघ नाही म्हटल्यावर त्याने निदान मगर मागितली.
मिळालं ते असं :
डबक्याकाठी एक घोरपड, उन्हाला टेकून;
वाचवून आणलेलं खवले मांजर दिवसा झोपतं,
त्याचं बीळ पाहिलं;
ऊद खाली खाडीत गेलेत म्हणाले,
दगडावरची त्यांची विष्ठा दाखवली,
माशांच्या खवल्यांनी चमचमणारी.
तन्वेशला ती फार आवडली.
परत जाऊन पाहून आला.

कन्याळ शेळ्यांनी कुंपणातून माना काढल्या,
लांब कान, आणि तोंडावर दोन पांढरे पट्टे,
रस्त्याचा चुना आखताना मध्ये आल्यासारख्या.
एकीने जुडी सोडून त्याचं तिकीट खाल्लं.

मग गोठा. म्हणजे गोठा नाही,
काजूच्या सावलीत एक मोकळं आवार
आणि सात गाई, बुटक्या, तांबूस,
एक काळी.
पाटीवर त्यांचं वर्णन अकरा ओळी.
खूर टणक. डोंगर चढते. गोचीड कमी धरते.
दूध – इथे पाटी रंगवणारा थांबला असावा –
पुरेसं.

तन्वेश मोठ्याने वाचत होता आणि मी
पशुसंवर्धनातली माझी एकोणतीस वर्षं
खिशात चाचपत होतो, चष्मा शोधल्यासारखी.
स्कूटरवर पायाशी नायट्रोजनचं भांडं,
झाकण उघडलं की धुकं,
धुक्यात कांड्या : जर्सी, होल्स्टिन.
घाटीत चढताना एका हाताने ते धरायचं.
आणि गावठी वळूंना चिमटा.
मोहीम असायची, आकडा असायचा,
मार्चच्या आत.
हात माझा हलका होता, सगळे म्हणत,
वळू सोडून.
रजिस्टरला जातीचा रकाना.
या गाईंपुढे लिहायचा एक सरकारी शब्द :
अवर्णित.
पुढे पुढे शाई वाचवत मी
नुसताच ‘अ’ लिहीत गेलो, खाली खाली,
पानभर अ, अ, अ,
पहिलीतल्या पोराच्या वहीसारखा.

आवार झाडणारी बाई खराटा टेकून उभी राहिली.
जनी झोरे. नाव तिनेच सांगितलं.
‘तुमी आमच्या वाडयेत इलेलास. चिमटो घेवन.’
मी म्हटलं, असेन.
‘बापाशीन पाडो रानात लपयलेलो. तीन रात्री.
चवथ्या दिसाक तुमची स्कूटर गेली.’
खराट्याने तिने सातही गाई दाखवल्या,
सावली दाखवावी तशा सहज.
‘ह्यो सगळो त्येचोच इस्तार.’

आठवलं. म्हणजे वाडी आठवली,
तिथे प्यायलेला गुळाचा चहा आठवला,
आणि रजिस्टरला मारलेला शेरा :
वळू आढळला नाही.
तेवढा एक शेरा खोटा नव्हता,
आणि त्यात माझं काहीच नव्हतं.

काळी गाय जवळ आली.
मी हात पुढे केला, सवयीने, तपासायचा हात.
तिने हुंगला,
साबण, एसटीचा दांडा, पाच रुपयांचा चारा,
अजून काय काय असेल त्यात कोण जाणे,
आणि तन्वेशच्या कोपराला चाटायला वळली.
‘काटे आहेत जिभेला!’ तो ओरडला.
हे अकरा ओळींत नव्हतं.

पाड्याचं नाव विचारायचं राहिलं.
फाटकावर पहारेकऱ्याने तिकिटं मागितली.
एक आहे, म्हटलं.
दुसरं?
तन्वेश सांगू लागला, अगदी पहिल्यापासून,
घोरपडीपासून.
पहारेकऱ्याने स्टूल पुढे ओढलं आणि बसला.