वाळ्याचा वाळा

कूलरला नवी ताटी लावली रविवारी,
मूठभर वाळा उरला.
फेकत होती, थांबली.

भिजवला. तीन पेड घेऊन वेणी घातली,
माप काय, तर माझी दोन बोटं जातील एवढं,
तेवढाच पाय आहे संघमित्राच्या पोरीचा.
गाठीवर लाल दोरा. झालं.

आधी इतवारीत चांदीचा भाव विचारून आली होती मी.
ते कोणाला सांगितलं नाही.

संघमित्रा हसली, "काहून वं, वाळ्याचा वाळा?"
घातला मात्र.

आता पाचपावलीत भर दुपारी
लाइट गेली, कूलर थांबला,
की ती ओला हात फिरवते त्या पायावरून.
पोरगी लाथ मारते.
वाजत काही नाही,
वास येतो.