मरतूक

शेड नंबर दोनच्या दाराला सुतळीनं बांधलेलं कार्ड.
त्यावर रोज सकाळी मी लिहायचे
तारीख, खाद्य, अंडी, मरतूक.
माझ्या सातवीच्या अक्षरावर मालक खूश.
म्हणायचा, छबूताई,
तुझा एक कधी नऊसारखा दिसत नाही बघ.

मरतूक तीन. मरतूक दोन. मरतूक चार.
पाच हजारांच्या खटल्यात एवढं चालायचंच.

पौषातल्या एका बुधवारी आत गेले
तर नळीतून थेंब पडताना ऐकू आला.
नऊ वर्षांत पहिल्यांदा.
लेअरचं शेड म्हणजे बारा महिने
कागलचा बाजार,
तिथं थेंब ऐकू यावा?
तुरे जांभळे पडलेले, वांग्यासारखे.
मी उचलत गेले, मोजत गेले,
पायाला धरून, एका हातात पाच, दुसऱ्या हातात पाच,
नेहमीसारखी, उघड्या हातांनी.
एकीच्या चोचीतून मनगटावर काहीतरी कोमट आलं.
पदराला पुसलं.
त्याच पदरानं मग तोंडावरचा घाम.

मरतूक एकशे बारा.
रकान्यात आकडा मावेना, तो अंड्यांत शिरला.

भोपाळहून निकाल येईस्तोवर पाच दिवस गेले.
पाचही दिवस मीच मोजलं.
मग पांढऱ्या कपड्यातली माणसं उतरली,
टाचेपासून टाळूपर्यंत गुंडाळलेली,
हातमोज्यावर हातमोजा.
जेसीबीनं उसाच्या कडेला खड्डा काढला,
चुन्याची पोती उसवली.
त्यातला एक पोरगा म्हणाला,
मावशी, लांब थांबा, धोका आहे.
म्हटलं, बाळा, किती लांब?
गेल्या बुधवारपासून मोजू का?
तो हसला असेल. मास्कमधून कळत नाही.

कोंबड्यांचा पंचनामा झाला.
अंड्यांचा झाला, खाद्याच्या पोत्यांचासुद्धा.
गाड्या भरायला येणारा दिलावर मुजावर
खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसून होता.
त्यानं विचारलं, साहेब,
आमची नावं कुठल्या कागदात?
साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

नावं होती म्हणा, एका कागदात.
तो वैजयंता आशाताईकडं.
दहा दिवस, रोज संध्याकाळी,
ती उंबऱ्याशी येऊन कपाळावर बंदूक धरायची.
घसा दुखतोय? नाही.
खोकला? नाही.
गोळी घेतली? घेतली.
तिलाही अजून चौदा घरं असायची.
मास्क हनुवटीला, बोलायला बरा पडतो म्हणून.

सुनेला आठवा महिना.
मी माझी बाज गोठ्यात टाकली,
म्हशीला लागवड झाली नाही, रात्री बघायला पाहिजे,
असलं काहीबाही सांगून.
ताटली वेगळी, तांब्या वेगळा.
गवळ्याच्या बायकोनं विचारलं, रुसलीयास का गं?
हो म्हटलं.
रुसवा बरा. रुसव्यासाठी कुणी सीपीआरला नेत नाही,
गल्ली दारं लावून घेत नाही.

चौथ्या रात्री अंगात कढ आला.
पाठीत, डोळ्यांच्या मागं.
सकाळी उतरला, दुपारी चढला, आणि संध्याकाळी
वैजयंता यायच्या आधी मी गार पाण्यानं तोंड धुतलं.
दोनदा.
बंदूक फसली.

शेड जाळून-धुवून साफ केलं त्या दिवशी
दाराचं कार्ड मी कमरेला खोचून आणलेलं.
का, ते विचारू नका.
गोठ्यात बसून त्याची मागची बाजू आखली.
तारीख. ताप. खोकला.
चौथा रकाना हातानं आपोआप ओढला,
वर नावही लिहून झालं, सवयीनं.
त्या नावाकडं बराच वेळ बघत बसले.
पाच हजार लिहिले होते त्याच्याखाली,
एकदाही हात थांबला नव्हता.

एक दिवस, शून्य.
दुसरा दिवस, शून्य.
सहाव्या दिवशी तापाच्या रकान्यात एकशे दोन,
कोठावळ्यांच्या पोरीचा थर्मामीटर मागून आणून.
एक सरळ, नऊसारखा न दिसणारा.

संध्याकाळी वैजयंता आली.
बंदूक उचलायच्या आत
मी कार्ड तिच्या हातात दिलं.
तिनं वरून खाली वाचलं.
मग पहिल्यांदा मास्क हनुवटीवरून नाकावर ओढला,
आणि फोन लावत लावत
तिथंच बसली, उंबऱ्यावर.